पहिली गाडी : जुनी, हलकी आणि नावावर केलेली

"अण्णा, नवी नको, जुनी चालंल. पण गाडी पाहिजेच!"

तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या एखाद्या गल्लीत, पितळी टंबलरमधून डबऱ्यात डिग्री कॉफी ओतता ओतता असे अस्सल सांगली जिल्ह्याच्या ठसक्यातले वाक्य कानावर पडले, तर चकित होऊ नका. कावेरीच्या या मुलखाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी चालली. त्या काळात आलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही तंजावर-कुंभकोणम भागात आहेत आणि घरात आपली वेगळ्या धाटणीची मराठी बोलतात. दुसरे मराठी लोक अलीकडचे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातून सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा धंदा करायला निघालेली माणसे दक्षिणेत गावोगाव पसरली. त्यांची मुले तिथेच वाढली, तमिळ शाळेत शिकली, आणि आता अठरा-वीस वर्षांची झाल्यावर चारचौघांसारखी गाडी मागू लागली.

ही मागणी अर्थात कुंभकोणमपुरती नाही. पुणे, नाशिक, बेळगाव, पणजी, कुठल्याही घरात हाच संवाद चालतो. मुलाला किंवा मुलीला हवी असते स्वस्त आणि चालवायला मजेदार गाडी. वडिलांना हवी असते न बिघडणारी गाडी. आईला हवे असते एकच, लेकरू रात्री सुखरूप घरी यावे. या तिघांचे एका गाडीवर एकमत होऊ शकते का? होऊ शकते. मात्र त्यासाठी मजा म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

मजा कशात असते?

तरुणांचा पहिला गैरसमज असा, की गाडी जितक्या जास्त अश्वशक्तीची तितकी मजा जास्त. याला उत्तर तमिळनाडूनेच दिलेले आहे. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी पडून होती. तिथे अनेक वर्षे मोटारींच्या शर्यती होत. पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला खास शर्यतींसाठी मार्ग बांधला गेला. पण शर्यतीची गाडी सामान्य तरुणाला परवडायची कशी? कोईमतूरचे एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस यावर तोडगा काढला. त्यांनी एका हलक्या सांगाड्याला चक्क मारुती ८०० चे इंजिन बसवले. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे, आपल्या घरोघरच्या गाडीतले! या गाडीला नाव मिळाले फॉर्म्युला मारुती. २००५ साली फॉर्म्युला वन शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याने भारतात शर्यतींचा श्रीगणेशा केला तो याच फॉर्म्युला मारुतीवर. करिवर्धन यांच्या नावाचा 'करी मोटर स्पीडवे' आज कोईमतूरजवळ उभा आहे.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. गाडी चालवण्याची मजा वजनाशी बांधलेली असते. हलकी गाडी वळणावर लगेच वळते, ब्रेक दाबताच थांबते, गिअर टाकला की उत्तर देते. चाळीस-पन्नासच्या वेगातही आपण काहीतरी करतो आहोत असे वाटते. जड आणि ताकदवान गाडीत तीच मजा यायला शंभराचा वेग लागतो, आणि शंभराच्या वेगात नवशिक्याची चूक महागात पडते. म्हणजे हलकी गाडी ही स्वस्त मजा आहे, आणि एका अर्थी शहाणी मजाही आहे.

कुंभकोणमसारख्या गावात तर हे लगेच पटते. देवळांभोवतीच्या रथवीथी सोडल्या तर गावातले रस्ते अरुंद. त्यात सायकली, रिक्षा, फुलांच्या टोपल्या आणि भाविकांच्या झुंडी. गावाबाहेर पडले की कावेरी आणि अरसलारच्या काठाने भातखाचरांतून, केळी-नारळींतून वळणे घेत जाणारे लहान रस्ते. अशा रस्त्यांवर लांबलचक गाडी म्हणजे डोकेदुखी, आणि छोटी गाडी म्हणजे आनंद.

कोणत्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवाव्यात?

जुन्या गाड्यांच्या दुकानांना तमिळनाडूत 'कार कन्सल्टिंग' म्हणतात. कुंभकोणमच्या टीएन-६८, तंजावरच्या टीएन-४९ आणि आसपासच्या जिल्ह्यांच्या पाट्या लावलेल्या गाड्या तिथे रांगेने उभ्या असतात. सोयीसाठी आपण त्यांच्या तीन रांगा करू.

पहिली रांग आजोबांची. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. वजन जेमतेम साडेसहाशे किलोच्या घरात. तिच्या पाठोपाठची मारुती झेन १९९३ ते २००६ या काळातली, ९९३ सीसीच्या अॅल्युमिनियमच्या इंजिनाची, बसकी आणि चपळ. तिच्यावर जीव टाकणारे लोक आजही आहेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला तयार होणारी ह्युंदाई सँट्रो १९९८ ची. उंच बसायची सोय आणि हलके स्टिअरिंग यांमुळे ती घरोघरी गेली. या गाड्यांचे काम कुठलाही मिस्त्री डोळे मिटून करतो.

दुसरी रांग शौकिनांची. फोर्डची आयकॉन १९९९ ची, चेन्नईजवळच्या मरैमलैनगरची. 'जोश मशीन' ही तिची जाहिरात त्या पिढीला अजून आठवत असेल. फियाटची पालिओ २००१ ची, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिचे १.६ इंजिन शंभर अश्वशक्तीचे, वळणावर रस्ता सोडत नसे, पण पेट्रोल पाण्यासारखे पिई. मारुती स्विफ्ट मे २००५ मध्ये आली आणि परवडणारी गाडीही मजेदार असू शकते, हे तिने मध्यमवर्गाला दाखवले. फोर्ड फिगो २०१० ची. फोक्सवॅगन पोलो २०१० पासून २०२२ पर्यंत चाकणला तयार झाली. दणकट बांधणी आणि स्थिर चाल ही तिची ओळख. मात्र फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली. म्हणून फोर्ड घ्यायची तर आपल्या गावाजवळ सेवा केंद्र चालू आहे का, सुटे भाग किती दिवसांत येतात, ही चौकशी आधी. पोलोचे टर्बो इंजिन आणि डीएसजी स्वयंचलित गिअर यांची जोडी चालवायला झकास, पण तो गिअरबॉक्स बिघडला तर खिसा रिकामा होतो. पहिल्या गाडीला साधा हाताने टाकायचा गिअरच बरा.

तिसरी रांग अलीकडच्या गाड्यांची. २०१८ मध्ये आलेली नव्या बांधणीची स्विफ्ट; तिचे पेट्रोल मॉडेल नऊशे किलोच्या आत, म्हणजे पहिल्या स्विफ्टपेक्षाही हलके. टाटा टियागो २०१६ ची, टाटा अल्ट्रॉझ २०२० ची. टियागोचा एक खास प्रकार २०१८ मध्ये निघाला होता, टियागो जेटीपी. कोईमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हज आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतून तो घडला. ११४ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, थोडी बसकी ठेवण. थोड्याच गाड्या विकल्या गेल्या आणि लवकरच तो बंद झाला. चांगल्या अवस्थेतली सापडली तर शौकिनाला मेजवानीच, पण नवशिक्यासाठी ती दुसरी गाडी असावी, पहिली नव्हे.

आईची शंका खरी आहे

आता आईच्या शंकेकडे वळू. मघाशी आपण हलक्या गाडीचे गोडवे गायले. पण तीच हलकी गाडी अपघातात काय करते?

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्या एअरबॅग नसलेल्या होत्या, आणि मोठ्यांच्या सुरक्षेत पाचहींना मिळाले शून्य तारे! त्यानंतर दोन एअरबॅग असलेल्या पोलोची चाचणी झाली, तिला चार तारे मिळाले. त्याच वर्षी पुढे स्विफ्टच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेललाही शून्यच मिळाले. नव्या बांधणीच्या स्विफ्टला २०१८ मध्ये दोन, तर २०२० मध्ये टियागोला चार आणि अल्ट्रॉझला पाच तारे मिळाले.

म्हणजे नाव तेच, रंग तोच, पण एका गाडीत एअरबॅग आहे आणि दुसरीत नाही, एवढ्याने जगण्या-मरण्याचा फरक पडू शकतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात नेमकी इथेच फसगत होते. त्या काळी एअरबॅग आणि एबीएस बहुधा महागड्या मॉडेललाच मिळत. ग्राहक 'पोलो आहे ना, मग झाले' म्हणून साधे मॉडेल उचलतो, आणि उरलेल्या पैशांत ध्वनियंत्रणा बसवतो.

नियमांच्या तारखा लक्षात ठेवा. नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या प्रवाशाचीही १ जानेवारी २०२२ पासून. त्यामुळे नवशिक्यासाठी गाडी घेताना २०१९ च्या मध्यानंतरची बघावी. त्याआधीची असेल तर नेमके कोणते मॉडेल, हे आरसीवर बघून एअरबॅग-एबीएसची खात्री करावी. एबीएसचे काम साधे आहे. घाबरून ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत, आणि गाडी वळवता येते. नवशिक्या घाबरून ब्रेक दाबणारच. म्हणून अनुभवी चालकापेक्षा त्यालाच एबीएसची गरज जास्त.

आमचे मत स्पष्ट आहे. अठरा ते बावीस वर्षांच्या मुलाला तिसऱ्या रांगेतली गाडी द्यावी, वाटल्यास अगदी साधे मॉडेल, थोडी जास्त चाललेली. पैसे तिथवर पोचत नसतील आणि पहिल्या रांगेतलीच गाडी घ्यायची असेल, तर ती गावातल्या सरावापुरती, दिवसा आणि कमी वेगाने. विक्रवंडी-कुंभकोणम-तंजावर या मार्गाचा सेतियातोप ते चोळपुरम हा पन्नास किलोमीटरचा चौपदरी टप्पा जुलै २०२५ मध्ये खुला झाला. असल्या रस्त्यावर भरधाव बस आणि ट्रक यांच्यामध्ये एअरबॅग नसलेली साडेसहाशे किलोची गाडी घेऊन मुलाने जाऊ नये.

गाडी बघायला जाताना

गाडी बघायला सकाळी जावे, आणि 'मी येईपर्यंत चालू करू नका' असे आधीच सांगावे. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला, तर मालकाने थंड इंजिनाची कुरकुर लपवली असे समजा. चालू करताना मागे कोणाला तरी उभे करा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलचे झाकण उघडून बघा. आत पांढुरका, सायीसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याची शंका घ्यावी.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे पेडलचे रबर गुळगुळीत झालेले नसते, स्टिअरिंगचे कातडे चकाकत नसते. सेवा केंद्रातल्या नोंदी मागा. बाप दाखव, नाही तर श्राद्ध कर, हा बाणा इथे कामाचा.

पूर ही आपल्याकडची आणि तिकडचीही सामायिक कथा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा पाण्याखाली गेली. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरने महापूर भोगला. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावात विकायला येतात. त्या ओळखायच्या कशा? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाला चिखलाची रेघ किंवा डाग असेल तर झाले. आसनांखालचे स्क्रू आणि रूळ गंजले आहेत का बघा. डिकीतले जादा चाक उचलून खाली गाळ आहे का बघा. काचा बंद करून दोन मिनिटे आत बसा. कुबट वास लपत नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण तिच्या विजेच्या तारा पुढे कधी दगा देतील याचा नेम नसतो.

कुंभकोणमला आणखी एक धोका आहे. या गावाभोवती नवग्रहांची नऊ देवळे आहेत. सूर्यनारकोविल, आलंगुडी, तिरुनागेश्वरम, तिरुनळ्ळार वगैरे. ही सगळी एका-दोन दिवसांत करायला भाविक भाड्याच्या गाड्या घेतात. भाड्याची गाडी वर्षभर पहाटेपासून रात्रीपर्यंत धावते, आणि म्हातारी झाली की परवाना काढून टाकून खासगी म्हणून विकायला येऊ शकते. शिर्डी, पंढरपूर, कोल्हापूर भागातल्या वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. गाडी आधी कोणत्या वर्गात नोंदलेली होती, ते कागदांवरून तपासा.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी टायर सहा-सात वर्षांचा असेल तर रबर कडक झालेले असते, ते बदलण्याचा खर्च धरा. पालिओ, आयकॉन किंवा झेनसारखी जुनी गाडी घेणार असाल तर पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघून घ्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते.

एवढे सगळे झाल्यावर ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गाडी चालवून बघा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडा, गाडी एका बाजूला ओढते का? खड्ड्यावरून जाताना खडखड येते का? मिस्त्रीला त्याच्या वेळेचे पैसे द्या. ते वाया जात नाहीत.

नावावर झाली का?

आता सर्वांत महत्त्वाचे. गाडी घेतली, पेढे वाटले, लिंबू-मिरची बांधली. पण ती नावावर झाली का?

'करू की सावकाश' असे म्हणणारे दोन्ही बाजूंना असतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले. मालकाने गाडी विकली होती, ती पुढे एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण आरटीओच्या दप्तरात नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. मग अपघात झाला. न्यायालयाने सांगितले, कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचे नाव दप्तरात आहे. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून दोन वर्षे झालेली असोत की दहा, फरक पडत नाही.

म्हणून मुलाने मित्राची गाडी 'अशीच' घेतली, तर संकट मित्राच्या वडिलांच्या डोक्यावर राहते. आणि आपण आपली जुनी गाडी 'अशीच' दिली, तर ते आपल्या डोक्यावर. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. आधीच्या मालकाने कर्ज काढले असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ यांशिवाय कर्जाची नोंद पुसली जात नाही. गाडीवर दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, विमा चालू आहे का, कर्जाची नोंद आहे का, हे परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून बघता येते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ही पाच मिनिटे काढाच.

गलाईवाल्यांच्या घरात आणखी एक घोडे अडते. गाडी टीएन-६८ची, आणि दिवाळीला किंवा जत्रेला ती हजार किलोमीटरवर विट्याच्या बाजूला येते. पाहुणी म्हणून आली तर प्रश्न नाही. पण गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल, तर तिथे नव्याने नोंदवावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र म्हणजे नमुना २८ लागतो, नव्या राज्याचा कर भरावा लागतो आणि जुन्या राज्यातल्या उरलेल्या कराचा परतावा मागावा लागतो. फेऱ्या बऱ्याच होतात. म्हणून गाडी जिथे राहणार, शक्यतो तिथलीच घ्यावी. परराज्यातली गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा या फेऱ्यांमध्येच असते.

नोंदणी पंधरा वर्षांची असते, हेही विसरू नये. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये दहा हजार. चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते, तेव्हा हा आकडा किमतीत मिळवून बघा.

रामानुजनच्या गावातला हिशेब

कुंभकोणम हे थोर गणिती रामानुजन यांचे गाव. तेव्हा हिशेब चुकायला नको. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत जुन्या गाडीत हमखास होते. समजा, तुमच्याकडे एकूण तीन लाख रुपये आहेत. तर गाडी अडीच लाखांचीच बघा. उरलेले पन्नास हजार टायर, बॅटरी, ऑइल, ब्रेक, नाव बदलणे आणि विमा यांसाठी राखून ठेवा. गाडी चांगली निघाली आणि पैसे उरले, तर तेवढे पेट्रोल!

विम्याचे तीन मुद्दे नीट वाचा. पहिला, तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा दर इंजिनावर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार हजार सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, शिवाय कर वेगळा. लहान इंजिनाचा हा आणखी एक फायदा. दुसरा, आधीच्या मालकाची 'नो क्लेम' सूट त्याच्यासोबत जाते, गाडीसोबत येत नाही. आणि आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. नाही तर गाडी तुमची, विमा दुसऱ्याचा, आणि भरपाई कोणालाच नाही. तिसरा मुद्दा फार थोड्यांना ठाऊक असतो. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा हा आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्यासाठी असतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा, तर या विम्याचे छत्र मुलावर नसते. त्याच्यासाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते.

आणि गाडीची किल्ली अठरा वर्षांच्या आत हातात देऊ नका, लाडाने सुद्धा. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही.

पहिली फेरी

हे सारे वाचून एखादा तरुण वाचक हिरमुसला असेल. 'मजेचे सांगा म्हटले, तर तुम्ही नमुना २९ आणि ३० सांगत बसलात!' पण मित्रा, ज्या गाडीच्या ब्रेकवर भरवसा नाही, जिच्या कागदांवर दुसऱ्याचेच नाव आहे, तिच्यात बसून निवांतपणे वळण घेता येत नाही. चौकात पोलीस दिसला की छाती धडधडते. ती मजा नव्हे.

आणि वडीलधाऱ्यांनो, तुम्हालाही एक सांगणे. मुलगी गाडी मागते तेव्हा 'तुला कशाला?' असे म्हणू नका. सगळे नियम तिलाही तेच, मजाही तीच. पहिले काही महिने शेजारच्या आसनावर तुम्ही बसा. ओरडू नका, हातब्रेक घट्ट धरून बसू नका. फक्त बसा. मुले शब्दांपेक्षा सोबतीतून जास्त शिकतात.

कुंभकोणमच्या आमच्या त्या घराला पहिल्या फेरीसाठी जागा सुचवायची झाली, तर दारासुरम सुचवू. गावापासून जेमतेम चार किलोमीटर. सकाळी लवकर निघावे, वेग चाळीसच्या आत. तिथे बाराव्या शतकातले ऐरावतेश्वराचे देऊळ आहे, जागतिक वारशाच्या यादीतले. त्याचा मंडप रथाच्या आकाराचा आहे, दगडी चाके, दगडी घोडे. राजा दुसरा राजराज चोळ याने तो बांधवला, हे आठशे वर्षांनंतरही सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रथाचा मालक कोण, असा प्रश्न कधी पडत नाही.

तुमच्या गाडीच्या बाबतीतही पडू नये, एवढी काळजी घ्या. मग खुशाल वळणे घ्या.